मा. वाणिज्यमंत्र्यांना खुले पत्र : फळीसोबत झाडाचं नाव आणि तोडीचा देशही येऊ द्या

माननीय मंत्री महोदय,

लाकूडकाम करणारा माणूस वखारीत महोगनी मागतो, तेव्हा त्याला तीन वेगवेगळ्या झाडांपैकी कुठलंही लाकूड मिळू शकतं : अमेरिका खंडातलं स्विटेनिया, आफ्रिकेतलं खाया किंवा आग्नेय आशियातलं शोरिया. बिलावर तिन्ही वेळा ‘महोगनी’च लिहिलेलं असतं. कायद्याने मात्र ती तीन निराळी प्रकरणं आहेत. मोठ्या पानांच्या अमेरिकी महोगनीचा आंतरराष्ट्रीय व्यापार २००३ पासून साइट्स या, धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली (यादीखाली), परवान्याने चालतो. आफ्रिकेतल्या खायाचा समावेश त्या परिशिष्टात २०२२ च्या पनामा परिषदेत झाला. शोरियाला हा परवाना लागत नाही.

शिवाय अमेरिकी महोगनीची ती नोंद फक्त तिच्या मूळ प्रदेशातल्या झाडांपुरती आहे. फिजीत याच झाडाची मोठी लागवड आहे आणि ती नोंदीबाहेर राहते. म्हणजे जात कळूनही भागत नाही, तोड कुठे झाली तेही कळावं लागतं.

सागाचं तर कुठल्याच परिशिष्टात नाव नाही. तरीही म्यानमारने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात थांबवली, आणि २०२१ च्या लष्करी उठावानंतर अमेरिका व युरोपीय संघाने तिथल्या सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध घातले. लागवडीतला साग कुठला आणि जुन्या जंगलातला कुठला, याचा आम्ही वर्षवलयांच्या दाटीवरून अंदाज बांधतो. अंदाजाला पुराव्याची किंमत नाही. आडवा छेद साफ करून भिंगातून पाहिलं, तर बहुधा झाडाच्या वंशापर्यंत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंत, पोचता येतं. पुढचं कळायला डीएनए किंवा समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची) चाचणी लागते. एका टेबलापुरत्या फळ्या घेणाऱ्या कारागिराकडून ती अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

महोदय, यातली बरीच माहिती बंदरावर उतरते. आयातदाराकडे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र असतं, लागेल तिथे साइट्सचा परवाना असतो. पुढे ओंडका चिरला जातो, माल चार हातांतून फिरतो आणि कागद पहिल्याच फाइलीत राहतात. मूळ देशाच्या दाखल्यावरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, कारण एका देशात तोडून दुसऱ्यात चिरलेलं लाकूड त्या दुसऱ्या देशाच्या नावावर येऊ शकतं. अमेरिकेने २००८ मध्ये लेसी कायद्यात (वन्य प्राणी-वनस्पतींच्या बेकायदा व्यापाराविरुद्धच्या कायद्यात) दुरुस्ती करून आयातीच्या वेळी झाडाचं शास्त्रीय नाव आणि तोडीचा देश सांगणं बंधनकारक केलं. आमची मागणी आणखी एक पाऊल पुढची आहे. आयातदाराने दिलेल्या या दोन नोंदी शेवटच्या विक्रीपर्यंत प्रत्येक बिलावर उतरल्या पाहिजेत, आणि त्या खऱ्या असल्याची जबाबदारी माल देशात आणणाऱ्यावरच राहिली पाहिजे.

काही जण म्हणतात, हे लाकूड वापरणंच बंद करा. मला ते पटत नाही. ज्या जंगलातून रीतसर उत्पन्न मिळत नाही, ते गुरांच्या कुरणासाठी साफ करण्याचा मोह वाढतो. ग्वातेमालाच्या पेतेन भागात, १९९० मध्ये घोषित झालेल्या माया जैवावरण राखीव क्षेत्रात, काही गावांच्या संस्था करारावर जंगल सांभाळतात आणि ठरवून दिलेली मोजकी महोगनी तोडतात. जिथे या संस्था नीट चालल्या, तिथे जंगलतोड फारच कमी झाली. अशा लोकांचं लाकूड आम्हाला ओळखून, दोन पैसे जास्त देऊन विकत घ्यायचं आहे. आज ते चोरट्या मालाच्या शेजारी त्याच नावाने रचलेलं असतं, आणि चोरटा माल स्वस्त पडतो.

जंगल जबाबदारीने सांभाळून तोडलेल्या लाकडासाठी एफएससीसारखं प्रमाणीकरण आहे, पण त्याची साखळी टिकवायची तर मधल्या प्रत्येक व्यापाऱ्याकडे स्वतंत्र प्रमाणपत्र लागतं. लहान कार्यशाळेला तो खर्च झेपत नाही. म्हणून नवा नियम करताना छोट्या कारागिराकडून फक्त खरेदीचं बिल जपून ठेवण्याची अपेक्षा करा, त्याच्यावर नवा परवाना लादू नका. सुरुवात सगळ्या जातींपासून करण्याचीही गरज नाही. महोगनी, साग, रोझवुड आणि पडौक या चार नावांनी येणाऱ्या मालाला हा नियम आधी लावा आणि मसुदा करताना लाकडावर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना बोलवा. आम्ही येऊ.

आपला,
एक लाकूड कारागीर