पंखा काढल्यावर उरते ते जहाजाचे इंजिन

संपादक महोदय,

युद्धनौकांच्या गॅस टर्बाइनविषयी आपल्या अंकात आलेली बातमी ‘जेट विमानाचे इंजिन जहाजात बसवले’ एवढ्या एका वाक्यात विषय आटोपते. इंजिन रूममध्ये उमेदीची वर्षे काढलेल्या मला ते वाचून राहवले नाही.

एलएम २५०० हे युद्धनौकांवरचे गॅस टर्बाइन सी-५ गॅलेक्सी या मालवाहू विमानाच्या टीएफ ३९ इंजिनावरून बेतले, हे खरे. परंतु विमानाला बहुतांश रेटा देणारा पुढचा भला मोठा पंखाच जहाजासाठी काढून टाकावा लागतो. उरलेल्या गाभ्यातून, म्हणजे हवा दाबून तिच्यात इंधन जाळणाऱ्या भागातून, निघणारा तप्त वायू मागच्या स्वतंत्र पॉवर टर्बाइनला फिरवतो आणि मिनिटाला सुमारे ३,६०० फेऱ्यांची त्याची गती गिअरबॉक्समधून उतरवून प्रोपेलरला दिली जाते. हे टर्बाइन उलटे फिरत नाही. म्हणून जहाज मागे घेताना बहुधा प्रोपेलरच्या पात्यांचा कोन बदलतात.

खरी झुंज असते ती मिठाशी. विमानाचा बहुतेक वेळ उंचावरच्या कोरड्या हवेत जातो, जहाजाचे इंजिन मात्र जन्मभर खारी हवा ओढते. फिल्टर कितीही चांगले असले तरी थोडे मीठ आत शिरते, हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पात्यांवर त्याचे पुट चढते आणि शक्ती घटू लागते. मग इंजिन थंड होऊ देऊन, नुसत्या स्टार्टरवर फिरवत, आत डिटर्जंटचे पाणी सोडून ते धुवावे लागते; खालच्या नळीतून येणारे काळपट पाणी निवळेपर्यंत आम्ही तिथून हलत नसू. याहून घातक म्हणजे मिठातले सोडियम आणि इंधनातले गंधक मिळून होणारा क्षार, जो टर्बाइनची तापलेली पाती अक्षरशः खातो. त्यासाठी पात्यांचा मिश्रधातू आणि त्यावरचा लेप, दोन्ही नव्याने ठरवावे लागले.

एवढा खटाटोप कशासाठी? पूर्वीच्या वाफेवरच्या जहाजांत बॉयलरमध्ये वाफेचा दाब धरायला काही तास लागत. टर्बाइन काही मिनिटांत तयार होते. बिघाड झाल्यास गाभा हवेच्या मार्गातून वर उचलून दुसरा बसवता येतो. ब्रिटिश नौदलाने १९६८ मध्ये एक्समथ ही फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) पूर्णपणे गॅस टर्बाइनवर आणली, तिचे मुख्य ऑलिंपस इंजिनही मूळचे विमानाचेच.

कमी भारावर मात्र ही इंजिने इंधन फार पितात. म्हणून कित्येक फ्रिगेटवर संथ प्रवासाला डिझेल आणि वेगाला टर्बाइन अशी जोडी असते. बातमीत डिझेल इंजिनांचा उल्लेख उणेपणा म्हणून आला आहे. ती मुद्दाम केलेली योजना आहे, एवढी दुरुस्ती कृपया छापावी.

आपला नम्र,
एक निवृत्त सागरी अभियंता