निळं पुस्तक घ्या, पण अर्धंच

लीड्स, १४ डिसेंबर

ती. आई आणि अण्णांस सा. नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार, पिल्लूला पापा.

आधी तुमच्या प्रश्नांची उत्तरं देते, म्हणजे पुढचं, वहिनींच्या इंग्रजी बोलायच्या वर्गाला तीनपैकी कुठलं पुस्तक घ्यायचं ते, निवांत वाचाल. खोकला गेला. जेवण वेळेवर होतं. ज्वारीचं पीठ इथं मिळतं आणि शेंगाचटणीची अर्धी बरणी अजून शिल्लक आहे, पुरवून खातेय. थंडी आहे, पण घरात हीटर असतो. तेव्हा अण्णा, "पोरगी तिकडं कुडकुडत बसलीय" असं गल्लीत सांगणं बंद करा. आणि एकटी पडले वगैरे काही नाही. रविवारी फोन उचलला नाही तो झोपले होते म्हणून.

आई, परवा व्हिडिओ कॉल चालू असताना बसचा ड्रायव्हर मला 'लव' म्हणाला आणि तू तडक फोन अण्णांच्या हातात दिलास. तर ऐक. ही या यॉर्कशायरची बोलायची पद्धत आहे. बसवाला म्हणतो, बेकरीतली बाई म्हणते, दवाखान्यातली नर्स म्हणते. सत्तरीच्या आजोबांनाही म्हणतात, आणि बाप्या माणूस बाप्या माणसालासुद्धा म्हणतो. समोरच्याचं नाव माहीत नसलं की वाक्याच्या शेवटी तो शब्द आपोआप येतो. आपल्या सोलापुरात सात रस्त्यावर रिक्षावाला तुला 'मावशी' म्हणतो म्हणून तू काही त्याच्या आईची बहीण होत नाहीस, तसंच. त्यावर काही उत्तर द्यायचं नसतं. तिकीट घ्यायचं, 'थँक्यू' म्हणायचं, पुढं सरकायचं. उतरतानाही ड्रायव्हरला 'थँक्यू' म्हणतात, तेही आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढच्या वेळी त्यावरून काळजी करशील. वहिनी, संभाषणाच्या पुस्तकांत हा शब्द मला अजून कुठं सापडलेला नाही. पुस्तकातली माणसं एकमेकांना सर-मॅडम म्हणत असतात. पुस्तकाकडून किती अपेक्षा ठेवायची, ते यावरून ओळखा.

वहिनी, आता तुमच्या वर्गाचं. तिन्ही पुस्तकांचे फोटो मोठे करून पाहिले. उत्तर आधीच सांगते. निळं घ्या, पण त्याचा पहिला अर्धा भागच. आणि मागवण्याआधी एक संध्याकाळ चौदाही जणांना बोलतं करून बघा.

प्रत्येकाला पाच मिनिटं द्या, कागद-पेन न देता. नाव-गाव-काम विचारा. मग रोज सकाळी काय करता, मग काल काय केलं, मग जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला काय करणार, आणि शेवटी "तुमचं काम उद्या बंद पडलं तर काय कराल?" वर्तमान, भूत, भविष्य, जर-तर अशी ही चढण आहे. ज्या प्रश्नाला गाडी अडते, ती त्याची पायरी. प्रश्न कळला पण बोलता आलं नाही, की प्रश्नच कळला नाही, हे वेगळं लिहून ठेवा. लेखी परीक्षा मात्र अजिबात घेऊ नका. मराठी माध्यमातला बी.कॉम. झालेला माणूस गाळलेल्या जागा पैकीच्या पैकी भरतो आणि तोंडी दुसऱ्या प्रश्नाला गप्प होतो. उलट नव्या पेठेतला दुकानदार 'यस्टर्डे आय गो' म्हणत दहा मिनिटं थांबत नाही. लेखी परीक्षेत हे दोघं नेमके उलट्या जागी बसतात.

पुस्तकाच्या पाठीवर ए-वन, ए-टू, बी-वन असं लिहिलेलं असतं ते पाहा. या भाषेच्या चढत्या पायऱ्या, ए-वन सगळ्यात खालची. युरोपच्या परिषदेनं २००१ साली ही मोजपट्टी छापली आणि आता बहुतेक प्रकाशक तीच लावतात. 'एलिमेंटरी', 'प्री-इंटरमीजिएट' या शब्दांवर जाऊ नका, एकाचं एलिमेंटरी दुसऱ्याच्या प्री-इंटरमीजिएटला भिडतं. तुमच्या वर्णनावरून चार जण ए-वन, सातेक ए-टू आणि दोन्ही नर्सबाई नि ते निवृत्त बँकवाले बी-वनच्या आसपास वाटतात. अशा वर्गाला ए-टूचं पुस्तक. शंका आली तर मधल्यापेक्षा किंचित सोपं घ्यावं. सोप्या पानावर हुशार माणसाला आणखी बोलतं करता येतं, "का?" विचारा, पुस्तक मिटून सांगायला लावा. पण अवघड ध्वनिफीत मागच्या बाकावरच्याला कशानंही सोपी करून देता येत नाही. मात्र एबीसीडीपासून सुरू होणारं नको. चाळिशीतल्या, यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला 'ॲपल'चं चित्र दाखवलंत तर तो तिसऱ्या आठवड्याला येणार नाही, आणि कारणही सांगणार नाही.

अर्धाच भाग का? हिशेब करा. आठवड्याला दीड तासाचे तीन वर्ग म्हणजे साडेचार तास, बारा आठवड्यांत ५४. शून्यापासून ए-टू पुरं व्हायला साधारण १८० ते २०० तासांचं शिकवणं धरतात, आणि एका पातळीचं जाड पुस्तक ५४ तासांत रेटलं तर संभाषण बाजूला राहून नुसती पानं उलटली जातात. बरेच प्रकाशक तेच पुस्तक दोन भागांत विकतात. पहिला भाग घ्या. जाहिरातीत 'तीन महिन्यांत फाडफाड' छापू नका, दादाला सांगा.

हिरवं पुस्तक मी का बाद केलं ते पुस्तक मधोमध उघडलंत की दिसेल. सहाव्या पाठातला पहिलाच प्रश्न पाचव्या पाठातल्या गोष्टीवर आहे. तुमच्या वर्गात रात्रपाळीवाले आहेत, लग्नसराईत निम्मे गायब होणार. आठवडाभर चुकलेला माणूस परत आला तर त्याला त्या दिवसाच्या पानावर बसता आलं पाहिजे. दुसरं म्हणजे त्यातल्या एका पाठातले प्रश्न मी मोजले. वीसपैकी पंधरांना एकच बरोबर उत्तर आहे, गाळलेल्या जागा नि जोड्या जुळवा. अशा प्रश्नांवर हुशार माणूस दोन मिनिटांत संपवून मोबाइल काढतो, कच्चा वाट बघतो आणि शेजाऱ्याचं उतरवतो. निळ्यात 'तुमच्या घरातल्या तीन जुन्या वस्तू सांगा' असले प्रश्न जास्त आहेत. तिथं एक जण तीन शब्द सांगतो, दुसरा आजीच्या पितळी डब्याची कथा सांगतो, आणि दोघांचंही उत्तर बरोबर असतं.

'मराठीतून इंग्रजी'वालं तिसरं पुस्तक घरी वाचायला ठीक. वर्गात ते हातात असलं की सगळे मराठी ओळ आधी वाचतात आणि इंग्रजीत भाषांतर करत बसतात, बोलत कुणी नाही. शिवाय तुमच्याकडे निम्म्या घरांत तेलुगू, कानडी नाहीतर उर्दू. मराठी सगळ्यांना येते, म्हणून एखादा शब्द मराठीत समजावून द्या, पण पुस्तकच तसं नको.

निळ्यातलं एक पान घेऊन दाखवते. दुकानाचा पाठ, कपड्यांच्या दुकानाचं मोठं चित्र आणि आठ ओळींचा संवाद आहे. संवाद एवढाच असावा, वीस ओळींचा असला की लोक पाठ करतात. कपड्यांच्या जागी चादरीचं दुकान करा. कच्च्या जोड्यांना तोच संवाद द्या, फक्त रंग, माप, किंमत त्यांनी घालायची. मधल्यांना फळ्यावर पाचच शब्द द्या आणि पुस्तक मिटा. हुशारांना अडचण द्या: चादरीचा रंग पहिल्याच धुण्यात गेलाय, गिऱ्हाईक परत आलंय आणि पावती हरवलीय. बारा मिनिटं. आधी सारख्या पातळीच्या जोड्या, मगच मिश्र. सुरुवातीलाच मिश्र जोडी लावली की हुशार माणूस दोघांचंही बोलून टाकतो. मिश्र जोडीत त्याला दुकानदार करा. समोरून काय येईल ते दुकानदाराला ठाऊक नसतं, त्यामुळे त्याचा कस लागतो. गिऱ्हाइकाला आपली तीन वाक्यं तयार ठेवून येता येतं.

निळ्यातही खोट आहेच. बर्फावर घसरायच्या सुट्टीचा एक पाठ आणि घरकर्जाचा एक, दोन्ही गाळा. लोक गप्प बसतील ते इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे, तर त्या विषयावर सांगण्यासारखं काही नाही म्हणून. पुस्तक साऱ्या जगासाठी लिहिलेलं, त्यामुळे 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' ही आपली चूक त्यात कुठंच दुरुस्त केलेली नाही. 'ए' आणि 'द' तर मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू कशातच नाहीत. या दोन गोष्टींचं अर्धं पान तुम्हीच तयार करा. ध्वनिफिती उतरवून घेता येतात का, मागं त्यांचा मजकूर छापलाय का, हे दुकानातच बघून घ्या. नुसतं ॲपवर असलं तर वर्गात नेट गेलं की पाठ संपला. आणि अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढू नका. शिक्षकाच्या पुस्तकात ज्या पानांवर परवानगी छापलेली असते तेवढीच काढायची.

अण्णा म्हणाले, "डॉ. कोटणीस १९३८ला चीनला गेले, त्यांना चिनी शिकायला कुठलं पुस्तक होतं?" अण्णा, ते दिवसरात्र चिनी माणसांत होते. वहिनींची माणसं दीड तासानं अशोक चौकात उतरली की परत तेलुगूत.

पंधरा प्रतींचे पैसे दादाच्या खात्यावर टाकलेत. वहिनी, ते परत द्यायचे नाहीत, त्यावर वाद नको. गच्चीच्या गळतीचे ४० हजार म्हणालात, त्यातले २५ आत्ता पाठवलेत, उरलेले फेब्रुवारीत. या महिन्यात घरभाडं वाढलं म्हणून, बाकी काही नाही.

मावशीनं सांगितलेल्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगा चांगला असेलही. मी नाही म्हटलेलं नाही. पण त्यांना "पोरगी जानेवारीत येतेय" असं सांगितलं असेल तर आई, तेवढं थांबव. तिकीट काढलेलं नाही. ऑक्टोबरात कबूल केलं होतं ते मला आठवतंय, तू आठवण करून दिली नाहीस तरी. सुट्टी उन्हाळ्यात मिळेल.

गड्ड्याला सिद्धेश्वराच्या अक्षता पडतील तेव्हा तिकडं दुपार असेल, इथं जेमतेम उजाडत असेल. दादाला फोन चालू ठेवायला सांग. आवाज नाही आला तरी चालेल, मिरवणुकीतले नंदीध्वज दिसले की झालं.

तुमची,
माई