कामाच्या जागेचे वर्णन शिकवताना

कोथरूड, पुणे

चि. ताई हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या संध्याकाळच्या वर्गातील मुलामुलींना आपण कुठे काम करतो आणि त्या जागेची मुख्य वैशिष्ट्ये कोणती, हे नीट बोलता आणि लिहिता यावे यासाठी काय करावे, असे तू विचारलेस. फोनवर हे सगळे सांगता आले नसते. भोसरीच्या कारखान्यात असताना तपासणी विभागात येणाऱ्या शिकाऊ उमेदवारांना मी पहिल्या आठवड्यात हाच प्रश्न विचारीत असे, त्यामुळे या विषयावर माझी काही ठाम मते झाली आहेत.

तू पाठवलेली उत्तरे मी वाचली. ‘आमची कंपनी खूप मोठी आहे’, ‘तिथले वातावरण छान आहे’, ‘सर्व सुविधा उपलब्ध आहेत’ अशी वाक्ये त्यांत पुन्हा पुन्हा येतात. ती खोटी नाहीत, पण चाकणच्या कारखान्यालाही लागू पडतात आणि लक्ष्मी रोडवरच्या दुकानालाही, म्हणून वाचणाऱ्याला त्यांतून काहीच कळत नाही. शाळेत ‘माझी शाळा’ हा निबंध लिहिताना इमारत भव्य आणि परिसर रम्य ठरवूनच सुरुवात करायची, ही सवय मुलांना आपणच लावलेली असते. ती मोडायची असेल तर त्यांच्या हाती एक कसोटी दे. जी गोष्ट त्या जागेतून काढून घेतली तर काम थांबेल किंवा बिघडेल, ती आधी सांगायची. बाकीचे सगळे नंतर, आणि जागा उरली तरच.

आमच्या मोजमापाच्या खोलीचेच उदाहरण घे. नवी मुले लिहीत की ‘आमचा विभाग वातानुकूलित आहे’, आणि त्यात त्यांना थोडा अभिमानही वाटत असे. मी विचारी, हा एसी कोणासाठी आहे? तो माणसांसाठी नसतो. लांबी मोजण्यासाठी जगभर 20 अंश सेल्सिअस हे तापमान प्रमाण मानलेले आहे, कारण धातू उष्णतेने प्रसरण पावतो. पुण्याच्या एप्रिलमध्ये 38 अंशांच्या उन्हातून आणलेला 100 मिलिमीटर लांबीचा पोलादी भाग सुमारे 0.02 मिलिमीटरने वाढलेला असतो, आणि ज्या भागाला 0.01 मिलिमीटरचाच टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, दिलेला आहे, तो भाग चांगला असूनही अशा वेळी नापास होऊ शकतो. म्हणून बाहेरून आलेला भाग लगेच मोजायचा नसतो, तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तसाच ठेवायचा असतो. हे समजलेला मुलगा ‘आमची खोली 20 अंशांवर ठेवतात, कारण गरम भाग खोटे माप दाखवतो’ असे आपणहून लिहितो. हे वाक्य त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

थोडक्यात, प्रत्येक वैशिष्ट्याला ‘का’ विचारायचे. भोसरी-चिंचवडकडच्या काही जुन्या शेडची छपरे करवतीच्या दातांसारखी आहेत आणि त्यांच्या काचा उत्तरेकडे आहेत. वर्षातला बराचसा काळ सूर्य आपल्या दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेच्या काचांतून थेट ऊन न येता एकसारखा उजेड मिळतो, यंत्रावर सावल्या पडत नाहीत आणि शेडही कमी तापते. रोज त्या छपराखाली उभ्या राहणाऱ्या, टर्नरचे म्हणजे लेथवरचे काम शिकणाऱ्या तुझ्या मुलांनी ते पाहिलेले असते, पण ते सांगण्यासारखे आहे असे त्यांना वाटत नाही, कारण त्याचे कारण त्यांना कोणी विचारलेले नसते. त्यांना उद्या सुपरवायझरला विचारून यायला सांग. ज्याला कारण मिळणार नाही, तो निदान एक चांगला प्रश्न घेऊन येईल.

वर्णनाचा क्रम हा मुलांना सर्वांत अवघड जाणारा भाग आहे. फाटकापासून सुरुवात करून डावीकडे हे, उजवीकडे ते, असे सांगताना ते तिसऱ्या वाक्याला अडकतात. त्याऐवजी त्यांना मालाबरोबर चालायला लाव: कच्चा माल कुठे उतरतो, पहिला हात कुठे लागतो, तपासणी कुठे होते, तयार माल कुठून बाहेर पडतो. आणि या वाटेवर ‘मी कुठे उभा असतो’ हे प्रत्येकाने न चुकता सांगितलेच पाहिजे. आधी कागदावर नकाशा काढून घेतलास तर लाजाळू मुलेही बोटाने दाखवीत बोलू लागतात, आणि बोललेले नंतर लिहिणे फारसे कठीण जात नाही. लेथ, जॉब, शिफ्ट, बिन हे त्यांचे रोजचे शब्द तसेच राहू देत. त्यांच्या जागी कोशातले शब्द घातलेस तर मुले पुन्हा गप्प होतील.

कारखान्याबाहेर काम करणाऱ्यांनाही हीच रीत लागू पडते. साड्यांच्या दुकानातल्या मुलीने दाराजवळच्या मोकळ्या जागेबद्दल लिहावे, कारण ट्यूबलाइटखाली रंगाची खात्री पटत नाही आणि गिऱ्हाईक साडी उजेडात नेऊन पाहते. तांबट आळीत काकांच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलाने ठोक्यांच्या आवाजाबद्दल लिहावे; मठारकामात, म्हणजे भांड्यावर हातोडीचे ठोके घालण्याच्या कामात, ठोकल्यानेच तांब्याचा पत्रा कडक होतो, म्हणजे तो आवाज हाच कामाचा भाग आहे. मंडईत गाळ्यावर बसणाऱ्या मुलाने इमारत 1886 साली उघडली, तिचे मूळ नाव रे मार्केट होते, असे माहिती शोधून लिहिले आहे. ते खरे आहे. जोतीराव फुले यांनी नगरपालिकेचे सदस्य असताना ज्या इमारतीच्या खर्चाला विरोध केला, तीच आज त्यांच्या नावाने ओळखली जाते, हेही त्याला जरूर सांग, कारण पुण्यातल्या मुलाला ते ठाऊक असायला हवे. पण हे सगळे शेवटच्या परिच्छेदात येऊ दे. आधी त्याने मार्केट यार्डातून भाजी किती वाजता येते, पालेभाजी कुठे ठेवतात आणि तिच्यावर पाणी का मारतात, ते सांगावे. ते इतर कोणाला कुठे वाचायला मिळणार नाही.

आता त्या मुलीविषयी लिहिते, जिने कोरा कागद दिला. ती रुग्णालयात सफाईचे काम करते आणि ‘माझ्या कामात सांगण्यासारखे काही नाही’ असे म्हणाली, हे वाचून मला फार वाईट वाटले. तिला तिच्या जागेतल्या रंगीत पिशव्यांबद्दल विचार. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार रक्ताने माखलेली ड्रेसिंगे पिवळ्या पिशवीत जातात, सलाइनच्या नळ्यांसारखे प्लॅस्टिक लाल पिशवीत, सुया आणि पाती टोचून फाटणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यात आणि काच निळ्या खोक्यात. पिवळा कचरा मुख्यतः जाळून नष्ट केला जातो, तर लाल पिशवीतले प्लॅस्टिक निर्जंतुक करून पुन्हा वापरात आणता येते. एखादी सुई चुकून लाल पिशवीत गेली, तर ती पुढे कोणाच्या तरी हातात घुसते. ही मुलगी दिवसभर हे निर्णय बिनचूक घेते. तिच्या वर्णनाला आपल्या शब्दांची भर घालू नकोस, फक्त ‘ही पिशवी इथेच का ठेवली आहे’ असे विचारीत राहा आणि ती सांगेल ते लिहून घे. वर्गात सर्वांत आधी तिचेच वर्णन वाचून दाखवावे, असे मला मनापासून वाटते.

एक सावधगिरी मात्र बाळग. कारखान्यातले ड्रॉइंग, ग्राहकांची नावे, यंत्रांचे फोटो, रुग्णांची कोणतीही माहिती वर्गात आणायची नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांग. उत्साहाच्या भरात मुले मोबाइल काढतात आणि त्यामुळे शिकाऊ उमेदवाराचे काम जाऊ शकते. विद्यावेतनावर घर चालवणारी मुले तुझ्या वर्गात आहेत.

नारायण पेठेतल्या छापखान्यात काम करणाऱ्या मुलीचे वर्णन पूर्ण झाले की मला पाठव. कागद कापण्याच्या यंत्राला दोन बटणे असतात आणि दोन्ही हात त्यांवर दाबून धरल्याशिवाय पाते खाली येत नाही. तिने ती बटणे लिहिली आहेत का आणि त्यांचे कारण दिले आहे का, ते मला वाचायचे आहे.

तुझी,
आई