तळटिपांतून सापडलेली पुस्तकं

पुणे

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. लातुरात पुस्तकांच्या दुकानात जावं तर दर्शनी तीच ती मांडलेली असतात, वर्गातली चार वाचणारी पोरं "सर, काहीतरी वेगळं सांगा ना" म्हणून मागे लागतात आणि तुझ्या तोंडी पुन्हा तीच नावं येतात, असं तू लिहिलं आहेस. साहित्य, इतिहास, आपल्या लोकांचं जगणं यांवरची, फारशी कुणाच्या बोलण्यात नसलेली पुस्तकं तुला हवी आहेत. नावं देतोच. पण नुसती यादी दिली तर ती महिन्याभरात संपेल. म्हणून ही पुस्तकं माझ्यापर्यंत आली कशी, तेही लिहितो. ती वाट कळली की तुझी पोरं आपापली यादी करतील.

माझा अनुभव असा, की विसरलेलं पुस्तक दुकानात क्वचित भेटतं. ते दुसऱ्या पुस्तकाच्या पोटात असतं. तळटिपेत, प्रस्तावनेत, शेवटच्या संदर्भसूचीत, कुठेतरी सहज केलेल्या उल्लेखात. रा. चिं. ढेरे यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हातात घेतलंस तर आधी त्याच्या टिपा वाच. माझ्या वहीतली कितीतरी नावं ढेऱ्यांनी दिलेली आहेत. त्यांनी जे वाचलं ते झाकून ठेवलं नाही, कुठून काय घेतलं ते मोकळेपणानं सांगितलं. अशा लेखकाच्या मागोमाग चालत राहिलं की आपण आपोआप नव्या वस्तीत पोचतो.

दुसरा आधार म्हणजे शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची'. पहिल्या भागात १८०० ते १९३७, दुसऱ्यात १९३८ ते १९५० या काळातली मराठी पुस्तकं विषयवार नोंदवली आहेत. हे काम एका माणसानं अंगावर घेतलं, हे मला आजही खरं वाटत नाही. ही सूची घरी नेण्यासारखी नाही. वाचनालयाच्या संदर्भ विभागात बसून चाळायची. एखादा विषय धरावा आणि बोट खाली खाली सरकवत जावं. आपण ज्याला मराठी साहित्य म्हणतो ते त्या पानांवर अगदी थोडं दिसतं. बाकी शेती, वैद्यक, पाकशास्त्र, कुस्ती, प्रवास, घराण्यांचे इतिहास, गावांची वर्णनं, पदराला खार लावून काढलेली चरित्रं. १८६७ च्या कायद्यानं छापलेल्या पुस्तकाची सरकारदरबारी नोंद करणं भाग झालं, त्यामुळे काही पुस्तकं आज कुठल्याच कपाटात नसली तरी त्यांचं नाव तरी उरलं आहे. पूर्वी आवृत्ती लहान असायची, अनेकदा लेखकच प्रकाशक असायचा, कागद आम्लामुळे पिवळा पडून मोडायचा, आणि राहिलेल्या प्रती वाळवी नि कसर खायची. पुण्यात तर १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतल्या वाड्यांत पाणी शिरलं, तेव्हा घरोघरच्या फडताळांतलं काय काय वाहून गेलं असेल, या विचारानं जीव हळहळतो.

एक पुस्तक कसं हरवतं आणि कसं परत येतं, हे पोरांना सांगायचं असेल तर ताराबाई शिंद्यांपासून सुरुवात कर. 'स्त्रीपुरुषतुलना' आज तुमच्या अभ्यासक्रमात असेल, पण तिची गोष्ट मुलांना माहीत नसते. ताराबाई बुलढाण्याच्या. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येच्या खटल्यात फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करण्यात आली. त्या निमित्तानं बाईच्या जातीवर जे तोंडसुख घेतलं जात होतं, त्यानं ताराबाई भडकल्या आणि त्यांनी हे पुस्तक लिहिलं. ते छापलं गेलं इथे, पुण्यात, श्री शिवाजी छापखान्यात, १८८२ साली. नाव घालून, आडपडदा न ठेवता. त्यांच्यावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेतून त्यांची बाजू घेतली. आणि मग शुकशुकाट. ताराबाईंचं दुसरं पुस्तक नाही, या पुस्तकाची चर्चा नाही. १९६९ मध्ये धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय संपादित केलं, आणि त्याच मालशांनी १९७५ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' पुन्हा वाचकांसमोर आणली. मधे त्र्याण्णव वर्षं गेली. त्या काळात ताराबाईंचं नाव 'सत्सार'च्या पानांत होतंच की! कुणीतरी थांबून "या ताराबाई कोण?" एवढं विचारायचं होतं. वाचताना असं थांबता येणं ही मला फार मोठी विद्या वाटते.

आता गावगाड्याकडे येतो. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' १९१५ चं. आत्रे महसूल खात्यातले, गावोगाव फिरलेले. वतनं कशी चालत, कारू-नारू (गावाची कामं करणारे कारागीर नि सेवेकरी) कोण, कुणाला बलुतं किती आणि कशाबद्दल, जत्रेला गावाच्या खिशातून काय जातं, हे सगळं त्यांनी इतकं बारकाईनं टिपलं आहे की आपल्या आजोबांच्या तोंडचे शब्द अचानक कानावर पडतात. तुझं घर शेतकऱ्याचं, तुला तर पानोपानी ओळखीचं भेटेल. पण एक सांगून ठेवतो. फिरस्त्या जमातींबद्दल ते जे लिहितात तिथे त्यांच्यातला सरकारी अंमलदार बोलतो, आणि ते वाचवत नाही. म्हणून पुस्तक बाजूला ठेवू नकोस. वर्गात तेच पान काढ, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे त्यांच्या घरातून आलेला कुणी पोरगा बाकावर असेल तर त्याला आधी बोलू दे. गावाचा कारभार कसा चालायचा हे सांगणारं एवढं भरीव पुस्तक मी तरी दुसरं पाहिलं नाही. त्याच्या सोबतीला इरावतीबाई कर्व्यांचं 'मराठी लोकांची संस्कृती' (१९५१) दे. 'युगान्त' सगळे वाचतात; हे मात्र मागे पडलं.

कर्व्यांवरून आठवलं. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं 'आत्मवृत्त' १९१५ चं, आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचं 'माझे पुराण' १९४४ चं. दोन्ही शेजारी ठेवून वाच. बाया बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. १८९३ मध्ये कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि कर्व्यांच्या गावानं, मुरूडकरांनी, वाळीत टाकलं. तोच संसार, तीच संस्था, पण बायांच्या पुस्तकात ती चुलीच्या बाजूनं दिसते. नवरा विधवांच्या आश्रमासाठी सगळं देऊन मोकळा होणारा, आणि मागे घर रेटायचं हिच्या माथी. त्यासाठी नागपूरला जाऊन सुइणीचं काम शिकून आलेली ही बाई. तक्रार करते तेव्हाही तिच्या सुरात कडवटपणा नाही. नवऱ्याचं मोठेपण ती जाणते आणि स्वतःचा वाटाही सोडत नाही. आपल्याकडे समाजसुधारणेचा इतिहास शिकवताना हे पुस्तक कुणी पुढे का करत नाही, याचं मला मनापासून दुःख होतं.

धर्मानंद कोसंबींचं 'निवेदन' (१९२४) तर तू स्वतःसाठी घे, पोरांसाठी नंतर. गोव्यातल्या एका खेड्यातला माणूस बुद्धाचा धर्म समजून घ्यायचा म्हणून घर सोडतो, पुण्यात येतो, काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकतो, नेपाळात जातो, सिंहलद्वीपात जाऊन पाली शिकतो. आणि एवढं मिळवल्यावर कलकत्त्याची चांगली नोकरी सोडून, बडोद्याच्या सयाजीरावांनी देऊ केलेल्या महिना ५० रुपयांवर महाराष्ट्रात राहायला तयार होतो, कारण ते ज्ञान आपल्या लोकांना मराठीतून द्यायचं आहे. पुढे फर्ग्युसनमध्ये ते पाली शिकवत होते. सकाळी त्या रस्त्यानं जाताना कॉलेजच्या फाटकाशी मला ते आठवतात.

इतिहासाची पुस्तकं पुष्कळ आहेत, त्यांतली दोनच सांगतो. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी संपादित केलेली 'महिकावतीची बखर' (१९२४), तीसुद्धा मुख्यतः प्रस्तावनेसाठी. राजवाड्यांशी भांडत भांडत वाचायची सवय मुलांना लागली तर त्यांचं भलंच होईल. आणि ना. वि. जोशी यांचं 'पुणे शहराचे वर्णन', १८६८ चं. पुण्यावर प्रेम करणाऱ्यांच्या घरीही ते दिसत नाही. चिं. ग. कर्वे यांनी संपादलेलं भारत इतिहास संशोधक मंडळाचं 'पुणे नगर संशोधन वृत्त' त्याला जोडून पाहिलं तर पेठांतला एकेक बोळ बोलायला लागतो.

पण मला ज्या पुस्तकानं सर्वांत जास्त आनंद दिला ते शं. गो. तुळपुळे यांचं 'प्राचीन मराठी कोरीव लेख'. पुणे विद्यापीठानं १९६३ मध्ये काढलं. वरकरणी अगदी कोरडं पुस्तक: शिलालेखाचा ठसा, वाचन, अर्थ, टिपा. रायगड जिल्ह्यातल्या आक्षीचा लेख काढून बस. शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२. ज्ञानेश्वरांच्या कितीतरी आधीची मराठी. राजाला 'पश्चिमसमुद्राधिपती' म्हणणारी, अडखळत चालणारी, पण आपलीच. झिजलेल्या दगडावर एकेक अक्षर लावताना तुळपुळे जिथे खात्री नाही तिथे तसं लिहितात, आधीच्या अभ्यासकाचं वाचन का पटत नाही ते सांगतात. मग गधेगाळ येतात: दिलेलं दान कुणी मोडलं तर त्याला गाढवाची शिवी, दगडात कोरून, कायमची. हे वाचल्यावर गावाबाहेर पडलेला कुठलाही उभा दगड मी आधी वळसा घालून पाहतो. घरचे कंटाळतात, पण मुलगी आता माझ्यासारखीच वाकून पाहायला लागली आहे.

कुठे मिळतील, हे तू विचारशीलच. पुण्यात या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चं, महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ ची. अप्पा बळवंत चौकात आता अभ्यासाच्या पुस्तकांचीच गर्दी; जुन्यासाठी बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात पायपीट करावी लागते आणि बहुतेक वेळा हात हलवत परतावं लागतं. पण तुला तेवढंही नको. राज्य सरकारच्या साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवली आहेत, आणि छापील प्रती सरकारी ग्रंथागारात अजूनही परवडणाऱ्या किमतीत मिळतात. पोरांना मोबाइलवर उतरवून दे. कागदाचा हट्ट आपण धरावा, त्यांनी कशाला धरायचा?

'माझे पुराण' आणि 'गावगाडा' पोस्टानं पाठवली आहेत. 'निवेदन'ही सोबत आहे; ती माझीच प्रत, समासात माझ्या खुणा आहेत. तू तुझ्या कर.

आता तुझ्याकडे एक काम. लातूरहून अंबाजोगाई किती जवळ! मुकुंदराजांची समाधी तिथे, यादवांचा सेनापती खोलेश्वर याच्या काळचे शिलालेख तिथे, आणि दासोपंतांची पासोडी तिथे. दासोपंतांनी चाळीसेक फूट लांब कापडावर अख्खा ग्रंथ लिहून काढला, आणि तुमच्याकडच्या किती मुलांनी तो पाहिला आहे? एसटीनं घेऊन जा त्यांना. परवानगी कुणाची लागते, दाखवतात केव्हा, आधी विचारून घे. आणि तुमच्या कॉलेजच्या किंवा गावातल्या वाचनालयाच्या मागच्या कपाटात निजामाच्या राज्यातली मराठी पुस्तकं असतील तर त्यांची नावं, लेखक, साल, छापखाना एवढं मुलांकडून वहीत उतरवून घे. त्यातली पुण्यात कुठे आहेत का, ते मी इथे पाहतो. दात्यांच्या सूचीत न सापडलेलं एखादं नाव निघालं तर रात्री कितीही वाजता फोन कर.

दिवाळीच्या सुट्टीत इकडे येणार असशील तर आधी कळव, म्हणजे भारत इतिहास संशोधक मंडळात जायचा दिवस ठरवता येईल. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. काकांच्या गुडघ्याचं काय झालं ते लिहायचं विसरू नकोस.

तुझाच