खोक्यावर वीस, बेअरिंगवर दहा

दि. 17 नोव्हेंबर 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ट्रॅक्टर सुटे भाग, ऑनलाइन विक्री विभाग

विषय: बिग एंड बेअरिंगच्या (पिस्टनचा रॉड आणि क्रँक यांच्या सांध्यातल्या) सीलबंद सेटमध्ये दोन वेगवेगळ्या मापांचे शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पाकळ्या) निघाल्याबद्दल, आणि त्यामुळे क्रँक (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) खराब झाल्याबद्दल.

महोदय,

याआधी मी आपल्याला तीन ई-मेल पाठवले आणि दोनदा फोन केला. तिन्ही ई-मेलच्या उत्तरांत एक वाक्य शब्दाशब्दाला सारखं आहे: ‘बसवलेला भाग परत घेतला जात नाही.’ मी भाग परत घ्या म्हटलेलंच नव्हतं. म्हणून आता सगळं पहिल्यापासून आणि सविस्तर लिहितो. वाचायला दहा मिनिटं लागतील, तेवढी द्यावीत.

आम्ही सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात कृष्णाकाठी राहतो. घरी 1978 सालचा मॅसी फर्ग्युसन आहे. तीन सिलिंडरचं पर्किन्स जातीचं इंजिन, मद्रासच्या सिम्पसनमध्ये तयार झालेलं. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, तो भूविकास बँकेच्या कर्जावर घेतला आणि ते कर्ज फेडायला नऊ वर्षं लागली. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा हा ट्रॅक्टर गोठ्याशेजारच्या शेडमध्ये होता. आम्ही जनावरं सोडवली, माणसं बाहेर काढली. ट्रॅक्टर राहिला. पाणी उतरल्यावर बघितलं तर सीटवर चार बोटं गाळ बसला होता.

पुढं करोना आला, 2021 ला पुन्हा पाणी आलं, आणि ट्रॅक्टर तसाच उभा राहिला. भंगारवाला दोनदा येऊन वजनाचा अंदाज घेऊन गेला. या वर्षी उन्हाळ्यात ठरवलं की आता एक तर चालू करायचा, नाही तर विकायचा. अण्णा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये जाऊन टूलबॉक्स पुसत बसले होते. मग विकायचं राहिलं.

पुरातला ट्रॅक्टर उघडणं काय असतं ते थोडं सांगतो, कारण आपल्या फोनवरच्या मुलीने ‘सर, मेंटेनन्स नीट झाला नसेल’ असं सुचवलं. या गाडीत गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांना एकच तेल असतं, लिफ्टचा पंपही त्याच तेलात बुडालेला. तळाचा बोल्ट काढल्यावर आधी नुसतं पाणी आलं, मग ताकासारखं पांढरं, आणि शेवटी नदीचा गाळ. तीन वेळा डिझेलने धुऊन काढलं. रोटरी डिझेल पंप गंजून जाम झाला होता, तो मिरजेला दिला. पिस्टन लायनरला धरले होते. तिन्ही सिलिंडरमध्ये डिझेल आणि जुनं ऑइल ओतून आठ दिवस ठेवलं, नवव्या दिवशी लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकलं, तेव्हा दोन सुटले. तिसऱ्याला आणखी चार दिवस लागले. रंग मात्र दिला नाही. बॉनेटवरचा उडालेला रंग तसाच ठेवा, असं अण्णांचं म्हणणं होतं आणि मलाही ते पटलं.

आता मुद्द्यावर येतो. या क्रँकच्या रॉडकडच्या जर्नलचं, म्हणजे रॉड ज्यावर बसतो त्या गोल भागाचं, मूळ माप सव्वादोन इंचाच्या आसपास. ते झिजलं किंवा खरचटलं की ग्राइंडिंग करून दहा थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) कमी करतात, आणि तेवढं जाड बेअरिंग घालतात. पुन्हा खराब झालं की वीस, मग तीस. तीसच्या पुढं आमच्या इंजिनाला बेअरिंग मिळत नाही, क्रँकच बदलावा लागतो. आमचा क्रँक नव्वदच्या दशकात एकदा दहाला गेला होता. पुराच्या गंजाने जर्नलवर खड्डे पडले म्हणून या वेळी सांगलीत वीसला घासून घेतला. त्याची मापाची चिठ्ठी माझ्याकडे आहे, तिन्ही जर्नल सारखी आणि बरोबर वीसला आहेत.

8 ऑगस्टला आपल्या संकेतस्थळावरून वीसचा बिग एंड सेट मागवला, 1,150 रुपये. 14 ऑगस्टला मिळाला. खोकं सीलबंद होतं, खोक्यावर वीस छापलेलं, आत तीन जोड्या, प्रत्येक जोडी तेलकट कागदात गुंडाळलेली.

आता आमची चूक सांगतो, म्हणजे ती आपल्याला शोधावी लागणार नाही. मिस्त्रींनी मेन बेअरिंगचा, म्हणजे क्रँकला इंजिनात धरणाऱ्या बेअरिंगचा, प्रत्येक शेल मायक्रोमीटरने मोजला. रॉडच्या बाबतीत मात्र पहिली जोडी मोजली, पाठीवरचा शिक्का वाचला, आणि उरलेल्या दोन जोड्या खोक्यावर विश्वास ठेवून बसवल्या. बेअरिंग घट्ट असतं तर हाताने क्रँक फिरवतानाच कळलं असतं. सैल बेअरिंग फिरवताना काहीच सांगत नाही, उलट हाताला बरं वाटतं. मिस्त्री त्या दिवशी म्हणालेही होते, ‘लोण्यागत फिरतंय बघा.’

30 सप्टेंबरला, खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी, इंजिन चालू केलं. सहा वर्षांनी. पहिला धूर पांढरा, मग काळा, मग साफ. शेजारपाजारची पोरं जमली होती. ऑइल प्रेशरचा काटा चाळिशीवर. बरी वीस मिनिटं चाललं, पाणी तापलं, ऑइल पातळ झालं, आणि काटा खाली यायला लागला. मी गेजवरच शंका घेतली. तेवढ्यात खालून टकटक सुरू झाली. मिस्त्री लांबूनच ओरडले, ‘मालक, रॉड बोलाय लागलाय, बंद करा!’ बंद केलं. दुसऱ्या दिवशी पूजेला ट्रॅक्टर होता, पण इंजिनच्या तळाचा ऑइल चेंबर उघडलेला आणि खाली तेलाची घमेली. अण्णांनी त्यालाच हळदकुंकू लावलं.

मधल्या सिलिंडरचा रॉड उघडला. शेलचा वरचा थर निघून खालचं तांब्याच्या रंगाचं अंग दिसत होतं, जर्नलवर नखाला लागतील अशा रेघा. शेल उलटा करून कापडाने पुसला. पाठीवर शिक्का दहाचा. त्याचा जोडीदारही दहाचा. बाकीचे चारही वीसचे. म्हणजे वीसला घासलेल्या जर्नलवर दहाची जोडी. प्रत्येक शेल पाच थाऊ पातळ, दोन्ही मिळून दहा. जिथं दोन-अडीच थाऊची फट असायला हवी, तिथं बारा-साडेबारा झाली. एवढ्या फटीतून गरम ऑइल वाहूनच जाणार, दाब राहील कुठून?

3 ऑक्टोबरला फोटोंसह ई-मेल केला. उत्तरात आपण पाकीट फोडतानाचा व्हिडिओ मागितला. महोदय, ऑगस्टमध्ये ते पाकीट फोडलं तेव्हा कोपरापर्यंत हात तेलाने बरबटले होते आणि बेअरिंगचं पाकीट फोडणं हा शूटिंगचा प्रसंग असतो हे मला माहीत नव्हतं. फोनवर सांगितलं गेलं की ट्रॅक्टर ‘कमर्शियल वापराचा’ असल्याने मी ग्राहकच होत नाही. आणि मग, ‘ट्रॅक्टर खूप जुना आहे सर, नवीन का नाही घेत?’ शेवटी दोनशे रुपयांचं कूपन आलं. ते वापरलेलं नाही.

पण एक गोष्ट मनात राहिली. तीनपैकी एकच जोडी चुकीची कशी? म्हणून 18 ऑक्टोबरला मी आपल्याकडूनच तोच सेट पुन्हा मागवला. पुन्हा 1,150 रुपये. लेबलवरचा बॅच क्रमांक आधीच्याच खोक्याचा निघाला. या वेळी व्हिडिओ काढला. सील दिसतंय, खोकं सहाही बाजूंनी दिसतंय, कात्रीने फोडताना दिसतंय. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात टर्नर म्हणून आयुष्य घालवलेले एक निवृत्त गृहस्थ आमच्या शेजारी राहतात, त्यांना मापायला बोलावलं. आमच्या भागात मापाची जाण अशी घराघरात आहे. 1910 पासून त्या माळावर लोखंडी नांगर घडले, नंतर पंप घडले, त्यामुळे इथल्या माणसाला थाऊ म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. त्यांनी चष्मा पुसला, एक एक शेल मोजून वहीत लिहिला. चार वीसचे, दोन दहाचे. पुन्हा तेच. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली आणि एवढंच म्हणाले, ‘ही फिटरची चूक न्हाई, ही भरणाऱ्याची चूक हाय.’

माझाही अंदाज तोच आहे. आपल्याकडे जोड्या आधी कागदात गुंडाळल्या जात असाव्यात आणि मग खोक्यात तीन-तीन भरल्या जात असाव्यात. कागदावर माप छापलेलं नाही. दहाच्या जोड्यांचा एखादा ट्रे वीसच्या ओळीत मिसळला की भरणाऱ्याला कळायला मार्गच नाही. चूक माणसाकडून होते, मला त्याचा राग नाही. राग याचा आहे की मी 3 ऑक्टोबरला कळवल्यावरही त्याच बॅचचा माल आपण मला 18 ऑक्टोबरला विकलात, आणि आजही संकेतस्थळावर तो ‘उपलब्ध’ दिसतो आहे. आत्ता कारखान्यांचा हंगाम सुरू झाला आहे. उसाच्या ट्रॉल्या ओढणारे जुने ट्रॅक्टर याच दिवसांत गॅरेजला येतात आणि घाईत बांधले जातात. माझं इंजिन शेडमध्ये रिकामं उभं असताना ठोकलं. दुसऱ्या कुणाचं दोन ट्रॉल्या मागे असताना उतारावर ठोकेल.

म्हणून माझी पहिली मागणी पैशाची नाही. त्या बॅचची विक्री आजच थांबवा आणि ज्यांनी ज्यांनी तो सेट घेतला त्यांना फोन करून कळवा. प्रत्येकाचा नंबर आपल्या ऑर्डरमध्ये आहेच.

दुसरी मागणी पैशाची. या ट्रॅक्टरला वेगळी चासी नाही, इंजिन हाच सांगाड्याचा भाग आहे. क्रँक काढायचा तर ट्रॅक्टर मधोमध फोडावा लागतो. ते काम आम्ही दोनदा केलं. दोन्ही सेटचे 2,300, पुन्हा ग्राइंडिंगचे 2,400, सांगलीतल्या दुकानातून घेतलेल्या तीसच्या सेटचे 1,300, गॅस्केट-सीलचे 1,850, ऑइल 7 लिटर 2,100 आणि मिस्त्रींची मजुरी 6,500, असे एकूण 16,450 रुपये. सगळ्या पावत्यांच्या प्रती जोडल्या आहेत. मजुरीची पावती वहीच्या कागदावर आहे. मिस्त्रींकडे छापील पुस्तक नसतं, त्यावर हरकत घेऊ नये.

मधलं एकच जर्नल तीसला घासून दोन वीसला ठेवता आली असती, खर्चही कमी झाला असता. मिस्त्रींनी तसं विचारलंही. मी नको म्हटलं. उद्या हे इंजिन दुसऱ्या कुणी उघडलं तर त्याला एकाच क्रँकवर दोन मापं सापडावीत आणि त्याने एक मोजून बाकीची गृहीत धरावीत, हे माझ्या हातून व्हायला नको. पण त्यामुळे क्रँक आता शेवटच्या मापावर आला आहे. त्याचं एक आयुष्य वीस मिनिटांत गेलं. ते कुठल्या हिशोबात धरायचं मला कळलं नाही, म्हणून धरलेलं नाही.

ग्राहक असण्याबद्दल एवढंच. स्वतःच्या कष्टावर पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी वापरात मोजली जात नाही, हे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच लिहिलं आहे. ऑनलाइन विक्रेत्याने तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी आणि महिन्याभरात ती निकाली काढावी असा 2020 चा नियम आहे. पहिल्या ई-मेलला आज पंचेचाळीस दिवस झाले. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आहे. आपल्याकडून पंधरा दिवसांत ठोस उत्तर आलं नाही तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तिथं मला वकील लागत नाही, आणि एवढ्या रकमेच्या खरेदीला शुल्कही लागत नाही.

पहिल्या सेटचे सहा शेल, दुसऱ्या सेटचे सहा, दोन्ही खोकी, व्हिडिओ आणि मापांची वही माझ्याकडे आहे. फोटो आणि प्रती सोबत जोडतो, पण मूळ वस्तू कुरिअरने पाठवणार नाही. तपासायचं असेल तर आपला माणूस पाठवा. रेल्वेने आला तर किर्लोस्करवाडीला उतरावं, मी न्यायला येईन. येताना त्याने आपला मायक्रोमीटर आणावा, म्हणजे आमच्या मापावर शंका राहणार नाही.

आपला ग्राहक,
(सही)
ता. पलूस, जि. सांगली