आक्का, तुमची सुतळी अजून खुंटीला आहे

आदरणीय आक्का,

शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही कराडला लेकीकडं राहायला गेल्याला परवा तीन महिने झाले. निघताना सगळी गल्ली तुमच्या पाया पडत होती आणि मी टेम्पोत सामान चढवत राहिलो. बोलायचं ते राहूनच गेलं. फोनवर विषय काढला की तुम्ही "बरं बरं, जेवलास का?" म्हणून तोडता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांनी वाचावं असं. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली माणसं ओळखतीलच.

दोन वर्षांपूर्वी मार्केट यार्डात तपासणीचं शिबिर होतं. गुळाच्या अडत दुकानात मी दिवाणजी, दिवसभर गादीवर बैठक. वय तेव्हा 51, वजन 84. उपाशीपोटी साखर 118 निघाली आणि तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारं एचबीएवनसी 6.3. म्हणजे मधुमेह नाही, पण दारात उभा. 6.5 ला तो घरात येतो. टेबलामागच्या माणसानं माझ्याकडं न बघताच "काठावर आहे, गोड बंद करा" म्हटलं आणि पुढचा नंबर पुकारला. मी कागदाची घडी घातली, रोजकीर्दीत ठेवली आणि दीड महिना घरात कुणाला सांगितलं नाही.

का सांगितलं नाही, ते तुमच्याइतकं कुणाला कळणार? माझ्या वडिलांचा, आबांचा पाय तुम्हीच बघितला होता. नवी चप्पल चावली, फोड आला, फुटला, चिघळला, आणि पायाला जाणीवच उरली नव्हती म्हणून त्यांना चार दिवस पत्ता लागला नाही. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसा बधिर होतात, हे आम्हाला कळलं ते अंगठा काढायची वेळ आल्यावर. त्यानंतर अडीच महिने तुम्ही दवाखान्यातली ड्युटी संपवून यायचात आणि स्वतःच्या घरी जायच्या आधी आमच्या सोप्यात बसून ड्रेसिंग करायचात. चिमट्यानं जुनी पट्टी सोडवताना नजर जखमेवर असायची, तोंडानं मात्र आबांना खासबागेतल्या जुन्या कुस्त्या विचारत राहायचात. आबा डाव सांगण्यात रंगले की पट्टी सुटलेली असायची. पैशाचं नाव काढू दिलं नाहीत. चहा तेवढा घ्यायचात, बिनसाखरेचा.

माझा 6.3 आकडा बघितला तेव्हा मला तो अंगठा दिसला. आणि भ्यालेला माणूस काही करत नाही आक्का, तो कागद लपवतो.

शेवटी हिनं तुमच्या कानावर घातलं. त्या रविवारी तुम्ही जिना चढून आलात तेव्हा वाटलं, आता खरडपट्टी निघणार. तुम्ही रिपोर्ट वाचलात, चष्मा काढलात आणि म्हणालात, "सुतळी हाय का घरात?" मला दाराच्या चौकटीला टेकून उभं केलंत. सुतळीचं एक टोक टाचेखाली धरायला लावलंत, दुसरं डोक्यापर्यंत नेलंत, तिथं कात्री. मग ती मधोमध दुमडलीत आणि दुपदरी सुतळी बेंबीवरून पोटाभोवती फिरवलीत. टोकं एकमेकांना पोचेनात. मधल्या जागेवर तुम्ही दोन्ही हातांची बोटं टेकवून मोजलीत. आठ बोटं.

"कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत पाहिजे. वजनकाट्याला चरबी कुठं साठलीया ते कळत न्हाई, सुतळीला कळतं. ही आठ बोटं तुझी. रोज आठवण करायला मी येतो."

सुतळी देवघराशेजारच्या खुंटीला अडकवलीत आणि चहा न घेता गेलात. ओरडला नाहीत. आबांचं नाव काढलं नाहीत. मी आत जाऊन रडलो, हे हिला माहीत आहे, तुम्हाला आज सांगतोय.

गुळाचं तर तुम्ही फार हळुवार हाताळलंत. मी ठणकावून म्हटलं होतं, "साखर कधीच सोडलीय, मी गुळाचा चहा पितो." तुम्ही मलाच मोजायला बसवलंत. दुकानात दिवसाला सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे. बारा चमचे म्हणजे पन्नास ग्रॅमच्या घरात. शिवाय सौद्याच्या वेळी रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, कोपरा फोडून तोंडात टाकायचा तो वेगळाच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसानं वरून घातलेली साखर 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, 25 ग्रॅमवर आणता आली तर अजून बरं. त्यात गूळ आला, मधही आला. गुळात थोडं लोह, थोडी खनिजं असतात खरी, पण रक्तात गेल्यावर त्याची साखरच होते. हे ऐकताना मला लागलं. गुळावर आमचं घर चालतं. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा यार्डात आम्ही छाती फुगवून फिरलो होतो. तुम्हाला ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. म्हणालात, "गूळ सणाला खावा, तोंडभरून खावा. चहात बुडवून इसरून जाऊ नये." आता चहा दोनच, बिनगोडाचे. पहिले पंधरा दिवस जिवावर आलं, नंतर चहाची चव कळायला लागली. पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याला मात्र गूळ खातोच.

चालण्याचं माझं तीनदा फसलं होतं. पहाटे रंकाळ्यावर जायचा निश्चय करायचा, आठ दिवस जायचं, नवव्या दिवशी पांघरूण ओढायचं. तुम्ही पहाट सोडून द्यायला लावलीत. रात्री जेवण झालं की पावणेनऊला खालून हाक: "ऊठ रे, पाणी पिऊन ये." मिरजकर तिकटीपासून बिनखांबी गणपतीपर्यंत जाऊन परत, पंधरा मिनिटं. जेवल्यावर तास-दीड तासात रक्तातली साखर चढते, आणि त्याच वेळी पाय चालते असले की मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू ती ओढून घेतात, हे तुम्ही पहिल्या रात्री गर्दीतून वाट काढत सांगितलंत. वेग कसा? बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. रोजची पंधरा मिनिटं आणि रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर पाऊण तास, आठवड्याची बेरीज बरोबर 150 मिनिटं. प्रौढ माणसाला निदान एवढी तरी हालचाल लागते. जुलैच्या पावसात मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये येरझाऱ्या घातल्या, पण खाडा पडू दिला नाहीत. तुमचा स्वतःचा उजवा गुडघा तेव्हाही दुखत होता. मी विचारलं तर "तुझ्या मोजणीत माझा गुडघा धरू नकोस" म्हणायचात.

खुर्चीचा प्रकार आधी मला पोरखेळ वाटला. हात छातीशी बांधून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता-बसता येतं? माझे अकरा झाले आणि मांड्या थरथरल्या. साठी ओलांडलेल्या पुरुषाला चौदा तरी जमावेत असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मान खाली गेली. वय वाढेल तसा स्नायू झिजतो, चालण्यानं तेवढा भरून येत नाही, त्याला वजन उचलावं लागतं, निदान स्वतःचं तरी. उतारवयात मोरीत पडून खुब्याचं हाड मोडलेली किती माणसं तुम्ही वॉर्डात बघितलीत, ते त्या दिवशी पहिल्यांदा बोललात. आता आठवड्यातून तीनदा करतो. सतरा होतात.

ताटाचं फार काही बदलावं लागलं नाही. किलोला 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे मला सत्तर ग्रॅमच्या आसपास, आणि माझ्या ताटात भाकरी, भात आणि पातळ आमटी. त्यात दोन अंडी, वाटीभर घट्ट डाळ किंवा मटकीची उसळ आणि ताक आलं, भात निम्म्यावर गेला. मिसळ बंद करा म्हणाला असतात तर मी तुमचं पुढचं काही ऐकलं नसतं. तुम्ही "मटकी जास्ती माग, ब्रेड एकच खा, कट परत मागू नकोस" एवढंच म्हणालात. तांबडा-पांढरा रविवारी आहेच, वाट्या मोजून. मिठाचं मात्र मी अजून पुरतं पाळत नाही. खर्डा सुटत नाही.

गेल्या महिन्यातला रिपोर्ट: उपाशीपोटी 101, एचबीएवनसी 5.8. वजन 76. डॉक्टर म्हणाले, काठावरून मागं सरकलात पण पाठ फिरवू नका, दर सहा महिन्यांनी तपासा. तुम्हीही हेच सांगत होतात. आणि ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांनी माझं वाचून परस्पर गोळ्या बंद करू नयेत, हे तुम्ही मला लिहायला लावलं असतंत म्हणून लिहितो.

सुतळी परवा परत लावून बघितली. तीन बोटं उरलीत. हिनं स्वतःची वेगळी कापून घेतलीय, ती शेजारीच टांगलीय. दुकानातल्या दोघा हमालांनीही मापं घेतली. रात्री आम्ही पाचजण निघतो आता. तुमच्या जिन्याखालून जाताना कुणी ना कुणी वर बघतंच.

आबांच्या पायासाठी तुमचे आभार मानायचे राहिले होते. ते आणि माझे, दोन्ही आज मानतो, हात जोडून.

लेक सांगत होती, गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालंय, फिजिओथेरपीवाल्यानं घरातल्या घरात चालायला सांगितलंय आणि तुम्ही कंटाळा करता. आज रात्री पावणेनऊला फोन करतो. पाणी पिऊन तयार राहा. तुम्ही तिकडं व्हरांड्यात चाला, मी इकडं बिनखांबीपर्यंत जाऊन येतो. फोन मधेच ठेवायचा नाही.

तुमचा,
गल्लीतला धाकटा भाऊ