नाना पेठेतल्या वायरमनकाकांचे जाहीर आभार

पुणे

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

आपले नाव कुठेही छापायचे नाही असे आपण बजावल्यामुळे ते येथे लिहीत नाही. नाना पेठेत गाडीच्या वायरिंगचे काम घेऊन हिंडलेल्यांनी ते एव्हाना ओळखलेही असेल.

आसने काढून ओटा, पलंग आणि पाण्याची टाकी बसवलेली आमची जुनी मिनीबस घेऊन आम्ही दोघे पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी नाशिक, धुळे, सेंधव्याचा घाट, खलघाटाची नर्मदा, इंदूर असे करत उत्तरेकडे निघालो. सातपुड्यात पळसाचा बहर ओसरत आला होता, आणि कुलूत पोहोचलो तेव्हा सफरचंदाची झाडे नुकती फुलू लागली होती.

निघण्याआधी आपण आमच्याशी भांडलात, त्याबद्दल पहिले आभार. दुसऱ्या कारागिराने गाडीच्या अगदी शेपटाला बसवलेली शंभर लिटरची टाकी आपण मागच्या चाकांजवळ घ्यायला लावलीत, कारण शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, आणि ते मागे लोंबकळले की चढावर गाडीचे तोंड हलके होते. गॅसच्या पेटीला हवेची वाट तळाशीच हवी, हाही आपलाच हट्ट; हा गॅस हवेहून जड, गळला तर खालीच साचणार. मला तेव्हा हा सारा बिल वाढवण्याचा प्रकार वाटला होता, हे आज कबूल करतो.

परंतु हे पत्र मुख्यतः सिस्सूच्या सकाळीबद्दल आहे. अटल बोगद्याचे ९.०२ किलोमीटर पार करून आम्ही लाहौलमध्ये, सुमारे ३,१०० मीटर उंचीवर मुक्काम केला होता. सकाळी पॅनेलवर चांगले ऊन पडूनही बॅटरी चार्ज होईना, तेव्हा घाबरून आपल्याला फोन लावला. ‘रात्री बाहेरचे पाणी गोठले का?’ एवढेच आपण विचारलेत आणि मी हो म्हणताच हसलात. ‘बॅटरीला थंडी वाजतेय. तिला ऊन खाऊ द्या, तुम्ही चहा घ्या.’ लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी शून्याखाली गारठलेली असताना चार्ज केली, तर आत धातुरूप लिथियमचा थर बसून ती कायमची अधू होते. म्हणून अशा वेळी चार्जिंग तोडणारा सेन्सर आपण आम्हाला न सांगताच बसवला होता. (चहा मात्र लवकर झाला नाही. त्याच थंडीने सिलिंडरमधल्या ब्युटेनचा वायू होईना, आणि शेगडी नुसती मिणमिणत राहिली.) दहाच्या सुमारास चार्जिंग आपोआप सुरू झाले.

त्या फोनचे पैसे आपण घेतले नाहीत. मागितलात तो फक्त बर्फाच्या पार्श्वभूमीवर आपल्या फ्यूजबॉक्सचा फोटो. तो सोबत जोडला आहे. त्यात झाकणाचा एक स्क्रू दिसणार नाही, तो वाटेत कुठेतरी पडला. रागावू नये, शनिवारी गाडी घेऊन येतो.

आपला नम्र,
कोथरूडचे मास्तर